उस्मानिया विद्यापीठाचे पदवी-क्रम आणि धाराशिव जिल्हा

धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे संशोधकांची दृष्टि प्रथम तेरकडे वळते. तेर म्हणजेच ग्रीक प्रवासवर्णनांतील तगर, हें डॉ. फ्लीट यांनीं १९०१ सालीं दाखवून दिल्यापासून त्या गांवच्या पांढरीच्या टेकाडांस जें महत्त्व आलें तें रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहानें शतगुणित झालें. तेरखालोखाल धाराशिवचीं लेणीं, नळदुर्गाचा किल्ला, तुळजापूरच्या पुजाऱ्यांचे व देशमुख-देशपांड्यांचे दप्तरखाने यांचा क्रम लागतो. हें सर्व योग्यच आहे. परंतु या जुन्या वैभवाच्या तेजांत एका अगदीं अलीकडच्या साधनसंग्रहाची हेळसांड होत आहे, तिकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. मोडी दप्तराच्या शेजारीं एखादें फाटक्या पुठ्ठ्याचें, शिळा-छापाचें उर्दू पुस्तक निघालें कीं संग्राहक तें ‘मुसलमानी छापील पुस्तक’ म्हणून बाजूस टाकतो. तें पुस्तक पुष्कळदां धार्मिक नसतें. तें बीजगणिताचें, पदार्थविज्ञानाचें किंवा इंग्लंडच्या इतिहासाचें असूं शकतें, आणि त्यावरून त्याच घरांतील एखाद्या मराठी मुलानें बी. ए. ची पदवी घेतलेली असूं शकते.

हैदराबाद येथील उस्मानिया विद्यापीठाच्या कला व विज्ञान शाखांतील पदवी-क्रम हा धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासाचा भाग कसा, असें कोणी विचारील. जिल्हा व विद्यापीठ हीं दोन्ही एकाच नांवानें ओळखलीं जात होतीं, हें त्याचें वरवरचें उत्तर. नांवाविषयीं येथेंच एक खुलासा करूं. सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ च्या ऑगस्टांत गादीवर आले आणि त्यांनीं आपलें नांव धाराशिवास दिलें, असें सर्रास सांगितलें जातें. पण १९०८ सालीं छापलेल्या इंपीरियल गॅझेटियरांत हा जिल्हा ‘उस्मानाबाद’ याच नांवाखालीं नोंदलेला असून त्याचें पूर्वीचें नांव नळदुर्ग असें दिलें आहे. अर्थात् नामकरण झालें तें राजपुत्र असतांनाच झालें. गादीवरील राजाच्या फर्मानानें नव्हे. हें नांव पुढें सुमारें एक शतकाहून अधिक काळ टिकलें आणि २०२३ सालीं शहर व जिल्हा या दोहोंस धाराशिव हें जुनें नांव पुन्हा मिळालें. विद्यापीठाचें नांव मात्र आजहि उस्मानियाच आहे. ह्या लेखांत आम्ही ज्या काळाची गोष्ट असेल त्या काळाचें नांव वापरणार आहों. वाचकांनीं गोंधळूं नये.

खरें उत्तर याहून खोल आहे. १९१९ पासून १९४८ पर्यंत या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यास आपल्या राज्यांत राहून संस्थानच्या विद्यापीठाची पदवी घ्यावयाची तर ती उर्दूंतून घ्यावी लागे. गणित उर्दूंत, रसायन उर्दूंत, हिंदुस्थानचा इतिहास उर्दूंत. एका मराठी जिल्ह्याच्या दोन पिढ्यांचें उच्च शिक्षण तिसऱ्याच लिपींत झालें, आणि त्याची नोंद मराठी इतिहासलेखनांत तक्रारीपलीकडे फारशी नाहीं.

नळदुर्ग जिल्हा १८५३ च्या तहानें वऱ्हाडाबरोबर इंग्रजांकडे गेला आणि १८६० सालीं निजामास परत मिळाला. हीं सात वर्षें सोडलीं तर येथील सरकारी लिहिणें फारसींत चाले. इ. स. १८८० नंतरच्या दशकांत फारसीची जागा उर्दूनें घेतली. उच्च शिक्षणाचा प्रश्न त्या काळीं जवळजवळ उद्भवतच नव्हता. १८८७ सालीं हैदराबादेस निजाम कॉलेज स्थापन झालें, तें मद्रास विद्यापीठास जोडलेलें होतें व तेथील शिक्षण इंग्रजींतून होई. धाराशिवच्या किंवा तुळजापूरच्या मुलानें हैदराबादेस जाऊन मद्रासची परीक्षा इंग्रजींतून द्यावी, हा सर्व प्रकारच द्राविडी प्राणायामाचा होता.

सर अकबर हैदरी यांनीं १९१७ सालीं सादर केलेल्या टिपणांत असें प्रतिपादिलें कीं परभाषेंतून शिकल्यामुळें विद्यार्थ्याची स्मरणशक्ति झिजते व विचारशक्ति खुंटते. यासाठीं संस्थानचें स्वतंत्र विद्यापीठ असावें व त्याचें माध्यम उर्दू असावें. निजामांनीं त्याच वर्षीं एप्रिलांत त्यास मंजुरी दिली, १९१८ सालीं विद्यापीठाची सनद झाली व १९१९ सालीं वर्ग सुरू झाले. प्रारंभीं कला व दीनियात, म्हणजे धर्मशास्त्र, अशा दोनच शाखा होत्या. पहिल्या तुकडींत विद्यार्थी २२५ व अध्यापक २५ असल्याचा उल्लेख आहे. प्रथम वर्ग इंटरमीजिएटचे निघाले, त्यावर दोन वर्षांचा बी. ए. चा क्रम चढला, आणि मग एम. ए. व विज्ञानाच्या पदव्या आल्या. वैद्यक व स्थापत्य यांचे विभाग १९२० नंतर क्रमाक्रमानें जोडले गेले. औरंगाबादेस इंटरमीजिएट कॉलेज निघालें, त्यामुळें मराठवाड्याच्या मुलांस पहिलीं दोन वर्षें तरी मराठी मुलुखांत काढतां येऊं लागलीं. पदवीसाठीं मात्र हैदराबाद गांठावेंच लागे.

विद्यापीठाच्या आधीं पुस्तकें हवींत, हें चालकांनीं जाणलें होतें. म्हणून १९१७ सालींच ‘दार-उत-तर्जुमा’ म्हणजे भाषांतरखातें काढण्यांत आलें व त्यावर मौलवी अब्दुल हक यांची नेमणूक झाली. हे गृहस्थ औरंगाबादेस शिक्षणखात्यांत होते. ‘अंजुमन-तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचें बिऱ्हाडहि त्यांनीं कित्येक वर्षें औरंगाबादेसच ठेविलें होतें. उर्दू विद्यापीठाच्या शब्दभांडाराचा पाया ज्यानें घातला तो मनुष्य मराठवाड्याच्या राजधानींत बसून काम करी, ही गोष्ट मराठी लेखकांनीं सहसा नोंदलेली नाहीं. त्याच्या हाताखालीं वहीदुद्दीन सलीम, अब्दुल माजिद दर्याबादी, पुढें जोश मलीहाबादी असे नामांकित लेखक होते.

या खात्यापुढील पहिला वाद परिभाषेचा होता, व तो मराठी वाचकास अगदीं ओळखीचा वाटेल. नवे शास्त्रीय शब्द अरबी धातूंपासून घडवावे कीं देशी शब्दांस प्रत्यय लावून करावे? वहीदुद्दीन सलीम यांनीं १९२१ च्या सुमारास ‘वज़ा-ए-इस्तिलाहात’ नांवाचा ग्रंथ लिहून असें मांडलें कीं उर्दू ही घडणीनें आर्य भाषा आहे. तिनें अरबीचें ओझें निष्कारण वाहूं नये, उपसर्ग-प्रत्ययांनीं व समासांनीं आपले शब्द आपण बनवावे. तत्त्व मान्य झालें असें दिसतें, पण प्रत्यक्षांत अरबीचेंच पारडें जड राहिलें. पदार्थविज्ञान तें ‘तबीअयात’, प्राणिशास्त्र तें ‘हैवानियात’, वनस्पतिशास्त्र तें ‘नबातियात’, अर्थशास्त्र तें ‘मआशियात’, मानसशास्त्र तें ‘नफ़्सियात’, गणित तें ‘रियाज़ियात’. त्रिकोणास ‘मुसल्लस’ हा शब्द आला. ज्या मराठी मुलाच्या आजानें भास्कराचार्यांची लीलावती पाठ केली होती, त्यास त्रिकोण हा शब्द सोडून मुसल्लस घोकावा लागला. हा शब्द चुकीचा नव्हता, अरबी गणितांत तो हजार वर्षें रुळलेला आहे. पण तो त्याच्या घरचा नव्हता.

पदवी-क्रमाची मांडणी पाहिली म्हणजे चालकांचे हेतु अधिक स्पष्ट होतात. इंग्रजी ही आवश्यक दुसरी भाषा म्हणून ठेविली होती, म्हणजे इंग्रजीपासून सुटका झाली होती असें नव्हे. इंग्रजी माध्यमपदावरून उतरून विषयपदावर आली, इतकेंच. मुसलमान विद्यार्थ्यांस दीनियात व इतरांस ‘अख़लाक़ियात’ म्हणजे नीतिशास्त्र हा विषय आवश्यक होता. यापुढें इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, गणित, शास्त्रें, तसेंच अरबी, फारसी, संस्कृत या भाषा ऐच्छिक होत्या. मराठी, तेलुगू व कानडी यांसहि ऐच्छिक विषय म्हणून स्थान होतें. या विद्यापीठांत मराठीचें अध्यापन प्रा. चिं. नी. जोशी, ना. गो. नांदापूरकर यांच्यासारख्या विद्वानांनीं केलें. नांदापूरकरांचा मुक्तेश्वर व मोरोपंत यांच्या भारतांची तुलना करणारा ‘मुक्तमयूरांचीं भारतें’ हा ग्रंथ जाणत्या वाचकांस ठाऊक आहे. तात्पर्य, मराठी शिकतां येत होती, मराठींतून शिकतां येत नव्हतें.

येथें न्याय करतांना तोल सांभाळला पाहिजे. देशी भाषेंतून विद्यापीठीय शिक्षण ही कल्पना त्या काळीं धाडसाची होती. मुंबई विद्यापीठाच्या वरिष्ठ परीक्षांत मराठीस विषय म्हणून जागा मिळावी यासाठीं न्या. रानड्यांस आयुष्याच्या अखेरीपर्यंत झगडावें लागलें. माध्यमाची गोष्ट तर कोणी बोलतहि नव्हतें. अशा वेळीं एका संस्थानानें सरकारी खजिना ओतून शास्त्रांचीं व इतिहासाचीं शेंकडों पुस्तकें भाषांतरित करवून घेतलीं, छापखाना काढला, प्रयोगशाळेंत देशी शब्द बोलावयास लाविले. रवींद्रनाथांनीं या उपक्रमाचें स्वागत केलें तें उगीच नव्हे. तत्त्व योग्य होतें यांत आम्हांस शंका नाहीं.

चूक होती ती भाषा निवडण्यांत. १९३१ च्या खानेसुमारीप्रमाणें हैदराबाद संस्थानांत तेलुगू बोलणारे निम्म्याच्या आसपास, मराठी बोलणारे सुमारें शेंकडा सव्वीस, कानडी शेंकडा अकरा आणि उर्दू बोलणारे शेंकडा दहा-अकरा होते. ‘परभाषेनें स्मरणशक्ति झिजते’ हें हैदरी यांचें विधान दहांतील नऊ विद्यार्थ्यांच्या बाबतींत त्यांच्याच विद्यापीठास लागू पडत होतें. ज्या युक्तिवादानें इंग्रजीस पायउतार केलें तोच युक्तिवाद उस्मानाबाद, बीड, परभणी, नांदेड, औरंगाबाद या पांच जिल्ह्यांत उर्दूविरुद्ध उभा राहत होता, आणि त्यास सरकारपाशीं उत्तर नव्हतें.

आणखी एक दुरुस्ती येथें करणें अवश्य आहे. देशी भाषेच्या माध्यमाचें हिंदुस्थानांतील पहिलें विद्यापीठ उस्मानिया, असें अनेक ठिकाणीं छापलेलें आढळतें. प्रो. धोंडो केशव कर्वे यांचें महिला विद्यापीठ पुण्यास १९१६ सालीं निघालें व तेथें मराठी माध्यमांतून पदवीचें शिक्षण दिलें जाई. त्या पदव्यांचीं नांवेंहि देशी होतीं: बी. ए. च्या तोडीची ‘गृहीतागमा’ व एम. ए. च्या तोडीची ‘प्रदेयागमा’. सरकारी सनद नाहीं, खजिना नाहीं, केवळ वर्गणीवर चाललेली ही संस्था होती, म्हणून तिचें प्राथम्य हिरावून घ्यावें हें इतिहासकारास शोभत नाहीं. १९२१ सालीं पुण्यासच टिळक महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालें. त्याच्या पदव्या ‘विशारद’ व ‘पारंगत’. म्हणजे पांच वर्षांच्या अवधींत मराठी मुलुखांत दोन व त्याच्या शिवेलगत एक अशीं देशी माध्यमाचीं तीन विद्यापीठें उभीं राहिलीं. त्यांतील राजाश्रय लाभलेल्या एकाचेंच नांव लोकांच्या तोंडीं राहिलें.

या दोन प्रवाहांची गांठ उस्मानाबाद जिल्ह्यांतच पडली, आणि ती लोहारा भागांतील हिप्परगा या खेड्यांत. असहकारितेच्या लाटेंत १९२१ सालीं तेथें राष्ट्रीय शाळा निघाली. संस्थानांत खाजगी शाळा काढणें सोपें नव्हतें, सरकारी परवानगीची अट होती. तरी ही शाळा टिकली. तिच्यावर मुख्याध्यापक म्हणून आलेले व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हे टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचे पदवीधर होते. लोकशाहीच्या विकासावर त्यांनीं तेथें प्रबंध लिहिला होता. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखालीं कांहीं काळ काम करून ते या आडगांवीं आले आणि हिप्परगा येथेंच संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढें हैदराबाद संस्थानच्या मुक्तिलढ्याचें नेतृत्व त्यांच्याकडे आलें, तो इतिहास सर्वविश्रुत आहे. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळी. या एका जिल्ह्यांत एकाच दशकांत दोन प्रकारचे पदवीधर होते. एकाच्या हातीं राजमुद्रेची उर्दू सनद, जिच्या बळावर तहसिलींत जागा मिळे. दुसऱ्याच्या हातीं मराठी विद्यापीठाची पदवी, जिला संस्थानांत कवडीची किंमत नव्हती. आणि अखेर संस्थानाचा इतिहास बदलला तो या दुसऱ्यानें.

तिसरा मार्गहि होता, आणि सधन घराण्यांनीं तोच पत्करला. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद गाडी कुर्डुवाडीहून बार्शीस १८९७ सालीं आली व पुढें येडशी, तेर, ढोकीवरून १९११ सालीं लातुरास पोंचली. उस्मानाबाद शहर या मार्गाच्या बाहेर राहिलें, पण येडशीपर्यंत बैलगाडी केली कीं कुर्डुवाडीस मोठ्या लोहमार्गाची गांठ पडे व तेथून पुणें एका रात्रीचें. हैदराबाद याच्या दुप्पट लांब. सोलापुरास १९४० सालीं दयानंद कॉलेज निघाल्यावर तर सरहद्दीपलीकडचें महाविद्यालय सकाळीं निघून सायंकाळीं पोंचण्याच्या टप्प्यांत आलें. संस्थानच्या विद्यापीठांत या जिल्ह्याचे विद्यार्थी थोडे कां दिसतात, याचें कारण शोधतांना भाषेइतकाच या लहानशा आगगाडीचाहि विचार केला पाहिजे.

१९३८ च्या नोव्हेंबरांत औरंगाबादच्या कॉलेजांतील वसतिगृहांत हिंदु विद्यार्थ्यांनीं प्रार्थनेच्या वेळीं ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून तंटा उपस्थित झाला. तो हैदराबादच्या वसतिगृहांत पसरला. चालकांनीं गीतास बंदी केली, विद्यार्थ्यांनीं ती मानली नाहीं, व शेंकडों विद्यार्थ्यांचीं नांवें विद्यापीठाच्या पटावरून कमी झालीं. त्यांतील पुष्कळांस नागपूर विद्यापीठानें, तेथील कुलगुरु टी. जे. केदार यांच्या पुढाकारानें, सामावून घेतलें. पुढें हिंदुस्थानचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या बहिष्कृतांपैकींच एक. राजकीय दृष्ट्या या सत्याग्रहाचें वर्णन पुष्कळ झालें आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीनें पाहतां त्यांत एक कठीण प्रसंग होता, तो मात्र कोणी सांगत नाहीं. ज्यानें इंटरचीं दोन वर्षें ‘तबीअयात’ व ‘रियाज़ियात’ उर्दूंत केलीं, त्यास नागपुरास तेच विषय इंग्रजी पुस्तकांतून पुढें चालवावे लागले. गीतासाठीं त्यानें वर्ष तर सोडलेंच, पण शिकलेले सर्व शब्दहि मागें ठेविले.

हाच प्रसंग दहा वर्षांनीं सर्वांवर आला. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्य सोलापूरच्या बाजूनें नळदुर्गावरून संस्थानांत शिरलें. पहिल्याच दिवशीं नळदुर्ग हातीं आलें, व चार-पांच दिवसांत निजामी सत्ता संपली. विद्यापीठाचें माध्यम त्यानंतर बदललें. मराठी वाचकानें येथें क्षणभर थांबावें. उर्दू गेली आणि तिच्या जागीं मराठी आली नाहीं, तेलुगूहि आली नाहीं, इंग्रजी आली. तीस वर्षांचें भाषांतराचें काम, तीं पुस्तकें, त्या परिभाषा, हें सर्व एका निर्णयानें निरुपयोगी झालें. ज्या मुलांनीं उर्दूच्या जुलमाविरुद्ध आवाज उठविला होता त्यांच्याच धाकट्या भावांस इंग्रजीची नवी तयारी करावी लागली. उर्दू लादली गेली हें खरें, परंतु मुक्तीनंतर लगेच मातृभाषा मिळाली अशी जी समजूत आढळते तिला आधार नाहीं.

मराठवाड्यांत पदवीपर्यंतचें कला-विज्ञान महाविद्यालय येण्यास त्यानंतर मात्र फार वेळ लागला नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४१ च्या फेब्रुवारींत याच जिल्ह्यांतील कसबे तडवळे येथें महार-मांग वतनदारांच्या परिषदेस आले होते. शिक्षणाविना या लोकांचा उद्धार नाहीं हें त्यांचें मत जुनेंच. १९५० सालीं त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस जें महाविद्यालय काढलें, तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलें. हें महाविद्यालय प्रारंभीं उस्मानिया विद्यापीठासच संलग्न होतें, आणि त्याच विद्यापीठानें जानेवारी १९५३ मध्यें बाबासाहेबांस सन्मान्य डी. लिट्. दिली. निजामाचें नांव धारण करणारें विद्यापीठ व अस्पृश्यांसाठीं झगडणारा पुढारी यांचा हा संबंध दोन्ही बाजूंच्या लेखकांस अडचणीचा वाटत असावा, म्हणून तो क्वचित् सांगितला जातो.

पुढील हकीकत त्रोटक दिली तरी चालेल. १९५६ च्या १ नोव्हेंबरास मराठवाडा मुंबई राज्यांत आला व उस्मानिया हें परराज्याचें विद्यापीठ झालें. न्यायमूर्ति पळणिटकर यांच्या समितीच्या शिफारशीनंतर २३ ऑगस्ट १९५८ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठाचें उद्घाटन झालें. पहिले कुलगुरु डोंगरकेरी. जिल्ह्यांत महाविद्यालयें निघूं लागलीं. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतच होतें, तेथें १९६१ सालीं दयानंद महाविद्यालय निघालें. १९८२ सालीं लातूर निराळा जिल्हा झाल्यावर तें श्रेय तिकडे गेलें. उस्मानाबाद शहरांतील रामकृष्ण परमहंस महाविद्यालय हें बापूजी साळुंखे यांच्या कोल्हापूरच्या स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेचें. १९९४ सालीं औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नांवास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव जोडलें गेलें, त्यामागील सोळा वर्षांचा लढा व त्यांतील रक्तपात हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्याच वर्षीं नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें विद्यापीठ झालें. येथें एक गंमत आहे: स्वामीजींनीं ज्या जिल्ह्यांत शाळा चालविली व भगवीं वस्त्रें घेतलीं तो जिल्हा त्यांच्या नांवाच्या विद्यापीठांत पडला नाहीं, औरंगाबादकडेच राहिला. पुढें धाराशिवासच विद्यापीठाचें उपकेंद्र झालें, आणि तुळजापूर येथें टाटा समाजविज्ञान संस्थेनें १९८६ पासून आपलें ग्रामीण केंद्र चालविलें. तेथें कालांतरानें पदवीचेहि क्रम सुरू झाले. कला शाखेची उत्तरपत्रिका आज मराठींत लिहितां येते. विज्ञानाचें पुस्तक अद्याप इंग्रजी आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. या उर्दू काळानें मराठी इतिहाससंशोधनास कांहीं दिलें कीं नाहीं? आमच्या मतें पुष्कळ दिलें. सेतु माधवराव पगडी यांचा जन्म १९१० सालचा, निलंग्याचा. निलंगें तेव्हां बिदर जिल्ह्यांत, पुढें उस्मानाबाद जिल्ह्यांत व आज लातूर जिल्ह्यांत आहे. त्यांच्या पदव्या उत्तर हिंदुस्थानांतील विद्यापीठांच्या, नोकरी निजामी मुलकी खात्यांतील. परंतु उर्दू-फारसीचा जो संस्कार त्या राज्यांतील शाळेंत व कचेरींत झाला, त्याच्या जोरावर त्यांनीं मोगल दरबारचीं बातमीपत्रें, भीमसेन सक्सेना, खाफीखान हे सर्व मराठींत आणले. पुण्याच्या संशोधकांस मोडीचा डोंगर फोडतां येत होता, फारसीच्या दाराशीं मात्र बहुतेकांस दुभाष्याची वाट पाहावी लागे. मराठवाड्याच्या मनुष्यास ती लागली नाहीं. देवीसिंग चौहान यांनीं दखनी हिंदींतील ऐतिहासिक सामग्री मराठीपुढें ठेविली तीहि याच जातीची कामगिरी. जी भाषा शिकण्याची सक्ति झाली तिचाच पुढें शिवकालाच्या अभ्यासास उपयोग झाला. म्हणून सक्ति योग्य ठरते असें कोणीं समजूं नये. पण झालेला लाभ नाकारणें हेंहि अप्रामाणिकपणाचें आहे.

आणि नेमका हाच लाभ आतां ओसरत आहे. १९४८ पूर्वीं उर्दूंत पदवी घेतलेली पिढी गेली. त्यांच्या घरांतील नातवंडांस उर्दू अक्षर लागत नाहीं, म्हणून तीं पुस्तकें व सनदा प्रथम माळ्यावर व मग रद्दींत जातात. मोडीच्या बाबतींत हें दुःख आपण एकदां भोगलें आहे. मोडी निदान आपली म्हणून तिच्यासाठीं वर्ग निघाले. या पुस्तकांस आपलीं म्हणणारें कोणी नाहीं. उर्दूचे अभ्यासक तीं मराठी घरांत शोधावयास येत नाहींत, मराठीचे अभ्यासक तीं उघडून पाहत नाहींत.

संग्राहकांच्या सोयीसाठीं कांहीं खुणा देतों. विद्यापीठाच्या छापखान्याचीं पुस्तकें ‘दार-उत-तबा जामिआ उस्मानिया सरकार-ए-आली’ या मुखपृष्ठावरील ओळीनें ओळखावीं. ‘जामिआ’ म्हणजे विद्यापीठ, तीस जामा मशीद समजून धार्मिक ग्रंथांत टाकूं नये. सालें बहुधा तीन दिलेलीं असतात, हिजरी, फसली व इसवी. उदाहरणार्थ १३४१ हिजरी, १३३२ फसली व १९२३ इसवी हीं एकमेकांस जुळतात. केवळ फसली असेल तर हैदराबादी फसलींत ५९० मिळवावे. हें वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होई, त्यामुळें जानेवारीनंतरच्या महिन्यांस ५९१ मिळवावे लागतात. पेशवाई दप्तरांतील मृगसालाच्या फसलीशीं याची गल्लत करूं नये, तो आरंभ जूनचा. पदवीच्या सनदेवर नांव उर्दू वळणानें लिहिलेलें असतें आणि कुळकर्णी, देशपांडे अशीं आडनांवें त्या लिपींत ओळखूं येत नाहींत; बापाचें नांव व जिल्हा यांवरून शोध करावा.

शेवटची सूचना अधिक महत्त्वाची. या पुस्तकांच्या समासांत व शेवटच्या कोऱ्या पानांवर विद्यार्थी आपल्यापुरते प्रतिशब्द लिहून ठेवी. बालबोधींत वा मोडींत ‘मुसल्लस’ यापुढें ‘त्रिकोण’ असें लिहिलेलें पान मिळालें, तर तें पुस्तक कितीहि जीर्ण असो, त्या पानाची नक्कल प्रथम उतरून घ्यावी, व पुस्तक कोणत्या गांवीं आणि कोणत्या दप्तराशेजारीं निघालें तें त्याखालीं लिहून ठेवावें.